अधांतरी चुंबक

आमची अंबिकामावशी उज्जैनच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंककॉल जोडायची. एसटीडी आलं, फ्रीगंजात जागोजागी पिवळे बूथ उघडले आणि ऑफिसात तिला नुसतं बसवून ठेवलं. पण हात थोडेच बसतात! भंगारातल्या फोनमधून तिने दोन चुंबकं काढली. एक लाकडी चौकटीच्या माथ्याला चिकटवलं, दुसरं दोऱ्याने तळाशी बांधलं. वरचं ओढायचं, दोरा सोडायचा नाही. खालचं चुंबक बोटभर अंतरावर अधांतरी थरथरत राहायचं.

"किती ताणलंयस बिचाऱ्याला," म्हणत तिचे यजमान श्रीनाथकाकांनी दोरा सैल केला. चुंबक खटकन वर जाऊन चिकटलं. थरथर बंद.

मावशी उसळली, "रोज मला 'आराम से बैठ' म्हणता ना? बघा, तुमचा आराम हा असा!"