हेमांगीने उघडलेलं दार

पापडीच्या हेमांगी राऊतला कुणी साधी म्हणालं तर खुशाल म्हणू द्या, पण तिच्या वाटेला जाऊ नका. तिचा मामेभाऊ सुजय गेला आणि पुरता फसला.

तिथी काढायचं गणित हेमांगीने नोकरी सांभाळून, खपून खपून जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलं. त्याची लायब्ररी केली, म्हणजे दुसऱ्या ॲपला आयता जोडता येईल असा संच, आणि कुणीही वापरा म्हणून इंटरनेटवर फुकट ठेवली. विरारच्या सुजयने त्यावर मुहूर्तांचं ॲप काढलं. वापरायला ना नव्हती हो! पण ज्ञातीच्या मेळाव्यात शाल घेताना हा माइकवर म्हणतो कसा, "यातलं गणित माझं स्वतःचं!" समोर हेमांगी बसलेली. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी तिची आई जयवंतीबाई म्हणाल्या, "जाऊ दे गो, माझ्या भावाचा पोर हाय." हेमांगीने जाऊ दिलं, पण विसरली नाही.

यंदा त्याचाच फोन. "हेमा, ॲप जावाच्या मॉड्यूल पद्धतीवर नेतोय. तुझी लायब्ररी तिथे अडते. नीट बसवून दे ना."

"देते की, दादा!"

आणि दिली. अगदी नीट. मॉड्यूलची एक फाइल असते. लायब्ररीतला कुठला भाग बाहेरच्यांनी वापरायचा ते तिच्यात लिहायचं, बाकी सगळं कुलूपबंद. हेमांगीने बाहेरच्यांसाठीचं पुढचं दार उघडं ठेवलं आणि आतलं गणित बंद केलं. सुजय पहिल्यापासून मागच्या दाराने थेट तेच गणित उचलत होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या दाराने यायचं तर त्याला निम्मं ॲप नव्याने लिहावं लागणार होतं.

तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर, नव्या पद्धतीवर नेल्या नेल्या, त्याचं ॲप बंद पडलं. "हेमा, मेलो गं! आतला भाग उघड!"

"उघडते. फक्त तुझ्या ॲपपुरता. त्यासाठी फाइलीत त्याचं नाव लिहावं लागतं, आणि ती फाइल सगळ्यांना दिसते."

"म्हणजे लोकांना कळणार! सगळ्यांसाठीच उघड ना."

"का म्हणून? आत शिरलेला तू एकटाच."

"आत्याला फोन दे."

जयवंतीबाईंनी त्याचं सगळं रडगाणं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सुजय, नाव लिवायचं का नाय, तेवढं सांग. पोरीला जेवायचंय."

तो म्हणाला, "लिहू दे तिला."

हेमांगीने ओळ लिहिली. वर मराठीत टीपही टाकली, "सुजय चुरी यांच्या विनंतीवरून. त्यांचं ॲप याच गणितावर चालतं." मग तिने ती फाइल ज्ञातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवली. नंतर आपल्यालाच वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. छे! जेवण दोन घास जास्तच गेलं.