रिकामी कमान

मी चौथी शिकलेला माणूस. तीस वर्षं दौंडात पीओपीचं काम केलं. असले अनुभव छापून आले की मी हसायचो, खोटं कशाला बोलू? माणूस मेला की संपला, असं शांताला – माझ्या बायकोला – तोंडावर सांगायचो. ती म्हणायची, "जिभेला हाड न्हाई तुमच्या." आता ती नाही, आणि हे लिहायला मीच बसलोय.

९८ साली कुरकुंभच्या एका कंपनीतल्या साहेबांनी काम दिलं. परदेशी चर्चचा फोटो दाखवला आणि म्हणाले, अशी कमान करून द्या, घरात भिंतीवर लावायचीय. वर निमुळती टोकदार, दोन्ही अंगाला काडीसारखे खांब, त्यावर पानांची नक्षी. आमच्या रेल्वेच्या बाजूला इंग्रजांच्या वेळच्या चर्चच्या खिडक्या अशाच आहेत, तिथं जाऊन बघून आलो. विचारलं, मध्ये कोण बसवायचं? साहेब म्हणाले, "कुणीच नाही. समोर शांत बसायचं, एवढंच."

साच्यातून मी दोन काढल्या. दुसरी आमच्या बाहेरच्या खोलीत लावली.

शांता हसली. "देव न्हाई, फोटू न्हाई. रिकाम्या कोनाड्याफुडं बसून काय जांभया द्यायच्या?"

पण नंतर दुपारची भांडी झाली की तीच तिथं बसायला लागली. का, तर म्हणे बरं वाटतं. एक दिवस म्हणाली, "अवं, हिच्यात माझा हात काढा की. लोकांच्या घरात मोर काढता, पऱ्या काढता..."

"तुझ्या हाताला काय सोनं लागलंय? काढू उद्या."

काम काय होतं – ओल्या प्लास्टरमध्ये तिचा हात दाबायचा, तो साचा वाळला की त्यात नवं प्लास्टर ओतायचं. हात तयार. पण चार वर्षं मी उद्याच म्हणत राहिलो. आधी ती अधूनमधून विचारायची. मग विचारायची बंद झाली.

२००२ च्या फेब्रुवारीत, त्या कमानीसमोर बसली ती उठलीच नाही.

आमच्यात माणूस गेलं की त्या जागी दिवा लावतात, ताटात पीठ पसरून वर पाटी, म्हणजे टोपली, पालथी घालतात. सकाळी पिठात काय उमटलं ते बघायचं. पाऊल, पाखराची नखं... त्यावरून पुढचा जन्म कळतो म्हणे. मी कधी मानलं नाही. पीठ सुनेनं पसरलं. ती राहते शिरूरला, मुलगा तिथं कंपनीत आहे. सासूच्या घरातले डबे तिला काय माहीत? माझं उरलेलं पीओपी सर्दू नये म्हणून शांतानं बिस्किटाच्या डब्यात भरून फळीवर ठेवलेलं. सुनेला वाटलं तांदळाचं पीठ. रडत्या माणसाला काय कळतंय.

सकाळी माझ्या थोरल्या भावानं, तात्यानं, पाटी उचलली. पीठ दगड झालेलं. आणि त्यात हात! उजवा, पाची बोटं, तळव्याच्या रेषांसकट खोल दाबलेला. करंगळी वाकडी. ती करंगळी मी पस्तीस वर्षं बघितलीय.

"पावलं उठत्यात. हात कसा?" तात्या म्हणाला.

मी नख मारून बघितलं आणि ओळखलं, हे पीओपी. पण पाण्याशिवाय पीओपी धरत नाही. पाणी कुणी घातलं? घरातल्या एकेकाला विचारलं. मुलगा म्हणाला, "आबा, आईची शप्पत, कुणीबी पाटीला हात लावला न्हाई."

तात्याला घाई. "राख सावडायला निघायचंय. ताट नदीत सोडू. घरात ठिवलं तर शांता अडकंल."

"अर्धा तास थांब."

"का रं? तू तर कशालाच मानत न्हाईस!"

"आज मानतो. पाया पडतो तुझ्या, थांब."

घमेल्यात प्लास्टर कालवलं. तो साचाच होता, तयार. हात काढून घ्यायचा, साचा भीमेला द्यायचा. भराभर ओतलं... आणि मग ध्यानात आलं. साबण लावला नाही. साच्याला आधी साबणाचं पाणी फासावं लागतं, नाहीतर नवं जुन्याला धरतं, एकजीव होतं. नव्या कामगाराला पहिल्या दिवशी शिकवतात ते. तीस वर्षांत माझ्याकडून कधी चुकलं नव्हतं.

छिन्नी लावली. मारवेना.

वरनं सपाट पांढरं, आत तिचा हात. नदीवर मी राख तेवढी नेली. तात्या वर्षभर बोलला नाही.

नंतर त्याच डब्यातलं पीओपी ताटात पसरून, पाटी झाकून तीनदा बघितलं. भर पावसाळ्यातसुद्धा. सकाळी भुकटीच. लोक म्हणतात पाणी सांडलं असेल. बरं, सांडलं. मग वाकडी करंगळी कुणी सांडली?

ते ताट आता कमानीत बसवलंय. येणारा-जाणारा म्हणतो, हे कसलं डिझाइन? मुलगा म्हणतो, फोडून बघू. आत हात आहे हे मला माहीत आहे. ती चार वर्षांचं राहिलेलं मागायला आली होती, की राहू द्या आता म्हणायला, ते माहीत नाही. तात्याचं खरं असेल तर तिला मीच अडकवून ठेवलीय. खोटं असेल, तर तो हात आला कुठून? यातलं एक धरावं तर दुसरं छातीवर बसतं.

कुणाला कळत असेल तर सांगा. फक्त फोडून बघा म्हणू नका.