‘आणि साथी’साठी घेतलेली सुई

आमच्या घरात रेकॉर्ड एकच होती. छोटी, सात इंची, दोन्ही अंगांना एकेक गाणं. मधल्या कागदावर शाहिरांचं नाव ठळक आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘आणि साथी’. त्या ‘आणि साथी’मध्ये माझी आई होती.

वडूजजवळच्या आमच्या गावात शाहिरांचा जलसा होता. शाहीर पुढं गायचे आणि मागं कोरसला चार बायका उभ्या राहायच्या. मी शाळेत असताना एका कंपनीनं त्यांना रेकॉर्डिंगला मुंबईला बोलावलं. मंडळी वाजतगाजत गेली, गाऊन परत आली. आई मात्र तोंड शिवून आली. दुसरं कडवं संपलं की ‘आता उठा’ असं चौघींनी एकदम उचलायचं होतं, ते तिनं सगळ्यांच्या आधी उचललं होतं. तिचा ‘आ’ एकटाच पुढं गेला आणि बाकीच्या मागून आल्या. पुन्हा गायला कंपनीकडं वेळ नव्हता. शाहीर तिला काही बोलले नाहीत. पण कंपनीनं त्यांना परत कधी बोलावलं नाही आणि ते आपल्या ‘आ’मुळंच, असं आईनं मनाशी धरून ठेवलं.

ती चूक रेकॉर्डवर उतरली की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं. नुसतं ऐकलं की कळण्यासारखी गोष्ट होती. पण आमच्याकडं रेकॉर्ड ऐकायची म्हणजे लाऊडस्पीकरवाल्याच्या पेटीवर. त्याची सुई एकदा बसली की लग्नं, बारशी, निवडणुका पार करून बोथट झाली तरी बदलायची नाही, असा रिवाज होता. ती उडू नये म्हणून तिच्या दांडीवर चार आण्यांचं नाणं ठेवायचे, कुळवावर पोर बसवतात तसं. दर जयंतीला कौतुकानं आमचीच रेकॉर्ड लागायची. त्या कौतुकानं ती पांढरी पडली. दुसऱ्या कडव्यानंतर तर गरम तेलात मोहरी टाकल्यासारखं नुसतं तडतडायचं. रेकॉर्ड नवी होती तोवर त्या जागी आई भीतीनं कान झाकायची; आता तिची चूक त्या मोहरीखाली होती, किंवा नव्हती.

पुढं शाहीर वारले, जलसा मोडला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आईला ऐकू कमी यायला लागलं. आधी तिचं म्हणणं होतं की लोकच हल्ली हळू बोलतात. मग टीव्हीही हळू बोलू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढतच जाणार. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर ती मला म्हणाली, “कान हायती तवर येकदा कळाया पायजे गं. झाली का न्हाई ती चूक.”

मी साताऱ्यात टेलिफोन ऑपरेटर होते. कानाला हेडफोन लावून माणसं एकमेकांना जोडून द्यायची, हे माझं काम. मग एसटीडी आली आणि माझे कान खात्याला नकोसे झाले. मला बिलांच्या तक्रारींवर बसवलं. तिथंही ऐकायचंच काम होतं, फक्त लोक ओरडून बोलायचे.

रेकॉर्ड वाजवायचं चांगलं यंत्र घ्यायचं म्हटल्यावर नवरा म्हणाला, “टेप आहे की घरात.” हे गाणं कॅसेटवर कधी आलंच नाही आणि दुसरी रेकॉर्ड शोधूनही मिळाली नाही, असं मी त्याला सांगितलं. “म्हणजे एका गाण्यासाठी?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, मागच्या अंगालाही एक आहे.

पेपरात एक छोटी जाहिरात होती. परदेशी टर्नटेबल, उत्तम स्थितीत, जाणकारांसच देणे आहे. मी जाणकार नव्हते, पण जाहिरातीत पुरावा मागितला नव्हता. पत्ता सांगलीचा होता. एका रविवारी मी एसटीत बसले.

ते निवृत्त प्राध्यापक निघाले. त्यांनी सीडी प्लेअर घेतला होता, त्यामुळं टर्नटेबलला जागा उरली नव्हती. पण ते द्यायचं म्हणजे मुलगी द्यायची असल्यासारखी त्यांनी माझी चौकशी केली. घरी कोण कोण असतं, मुलं हात लावतील का, घर रस्त्यावर आहे का, गाडी गेली की जमीन हादरते का. व्होल्टेज कसं असतं, हेही विचारलं. मी म्हटलं, असतं तेव्हा चांगलं असतं.

“आणि ऐकता काय आपण?”

“एकच रेकॉर्ड आहे.”

त्यांनी चष्मा काढला. मग कुठली ते सांगावं लागलं. जलसा, कोरस, आई, तिचा ‘आ’, सगळं सांगितलं. त्यांनी टर्नटेबलकडं पाहिलं. जड लाकडी पेटी, त्यावर परातीएवढी चकती आणि बगळ्याच्या मानेसारखी बारीक दांडी. “बाई,” ते म्हणाले, “तुळशीच्या कुंडीला ट्रॅक्टर लावताय तुम्ही.”

पण दिलं त्यांनी. शिवाय आईचं हे प्रकरण गंभीरपणे घेणारा तोवर मला भेटलेला तो एकमेव माणूस होता. त्यांनी समजावलं की बोथट सुई रेकॉर्डच्या खाचेचा वरचा भागच खरवडत गेली असणार. खाली बूड अजून शाबूत असेल. बारीक, लंबगोल टोकाची सुई लावली तर ती तिथवर पोचेल. त्यांची स्वतःची सुई झिजलेली होती, म्हणून कार्ट्रिज नवीन घ्यायला सांगितलं. कार्ट्रिज म्हणजे सुई आणि तिच्या मागचं बोटाच्या पेराएवढं डबडं, जे सुईच्या थरथरीची वीज करतं.

सांगलीच्याच बाजारातल्या दुकानदारानं आधी माझ्या मागं पाहिलं. “साहेब नाही आले?”

“साहेब घरी टेप ऐकतायत.”

त्यानं दोन कार्ट्रिज काढली. एक गोल सुईचं, स्वस्त आणि दणकट. दुसरं लंबगोल सुईचं, महाग आणि नाजूक. “मॅडम, गोल घ्या,” तो म्हणाला. “तुम्हाला फरक काय कळणार?” मी महागाचं घेतलं. फरक काय ते मलाही माहीत नव्हतं, पण आता माघार घेणं शक्य नव्हतं.

येताना टर्नटेबल मांडीवर होतं, त्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. कंडक्टरनं विचारलं, “ह्ये काय हाय?” मी म्हटलं, गाणी वाजवायचं यंत्र. तो म्हणाला, मग एवढं धरून काय बसलाय, पोरगं असल्यागत, ठेवा खाली. कराडपर्यंत माझ्या दोन्ही मांड्या बधिर झाल्या होत्या, पण मी ठेवलं नाही.

पुढच्या आठवड्यात आई आली. मी टर्नटेबलची वायर आमच्या टेपच्या मागं खुपसली आणि रेकॉर्ड लावली. शाहिरांचा आवाज आला तो मच्छरदाणीबाहेर डास गुणगुणावा तसा. ढोलकी कुठं गेली कळेना. आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं, तर डास मोठा झाला. आई स्पीकरला कान लावून बसली होती, तिला काहीच येत नव्हतं.

वायर सैल आहे का बघायला मी टेबलामागं वाकले. तेवढ्यात आई म्हणाली, “हात हलका पडतोय त्येचा. म्हनून आवाज बारीक येतोय.” मी मान वर करेपर्यंत तिनं चंचीतून रुपया काढून दांडीवर ठेवला होता. सरावाचं काम, नेमकं सुईच्या डोक्यावर. सुई वाकून डबड्याच्या पोटात गेली.

“आता तर काईच यीना,” आई म्हणाली.

मी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले ते इथं सांगत नाही. त्या दिवशी माझं एकही वाक्य तिला दोनदा सांगावं लागलं नाही. सगळं ऐकून घेऊन ती एवढंच म्हणाली, “चुकले गं बाय. माजं ह्ये आसंच हुतं, समद्यांच्या आदी.” आणि संध्याकाळच्या वडूज गाडीनं निघून गेली. मला फार वाईट वाटलं. यंत्र तिच्यासाठी आणलं आणि तिला अजून एक चूक देऊन बसले.

सोमवारी ऑफिसातून प्राध्यापकांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “प्रीअँप कुठला लावलाय?”

“कसला?”

मग ते म्हणाले, “फोनो प्रीअँप हो. माझ्या अँप्लिफायरच्या पोटातच होता, म्हणून सांगायचं राहिलं.” असल्या कार्ट्रिजची वीज अगदीच किरकोळ असते, ती वाढवावी लागते. शिवाय रेकॉर्ड कापतानाच जाड आवाज दाबून ठेवतात आणि बारीक आवाज चढवून ठेवतात. प्रीअँप ते पुन्हा जागच्या जागी आणतो. “तुम्ही नुसती चहाची पूड खाऊन बघितलीत,” ते म्हणाले.

पुन्हा सांगली. दुकानदारानं या वेळी माझ्या मागं पाहिलं नाही. तीच सुई पुन्हा घेतली. प्रीअँप दोन होते. एकाला तीन रंगांचे दिवे होते, दुसरा करड्या रंगाचा, साबणदाणीसारखा. मी हेडफोन मागितला आणि गाणं न लावता दोन्ही आळीपाळीनं ऐकले. दिवेवाल्यात जुन्या ट्रंक लाइनवर असायची तशी घरघर होती. करडा गप्प होता. रिकामी लाइन कशी असावी हे मला कळतं, आयुष्य त्यातच गेलं.

“मॅडम, गाणं तरी लावून बघा,” दुकानदार म्हणाला.

“गाणं घरी आहे,” मी म्हटलं आणि करडा घेतला.

आईला आणायला मात्र मलाच गावी जावं लागलं. “ऱ्हाऊ दे आता,” ती म्हणत होती. “काय व्हायचं ते हून गेलं.” तरी आली. टर्नटेबलपासून हातभर लांब बसली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. मी म्हटलं जवळ ये, तर म्हणाली, “हितं बरी हाय.” शेवटी मीच स्पीकर उचलून तिच्या कानाशी ठेवला.

सुई टेकवली. आधी ढोलकी आली, भरीव, घरात कुणी बसून वाजवावी तशी. मग शाहीर. मी लहानपणी बघितलेले शाहीर, श्वास घेताना करायचे त्या आवाजासकट. पहिलं कडवं गेलं, दुसरं आलं. मोहरी होती, पण आता शेजारच्या घरात तडतडत होती. कडवं संपलं आणि एक ‘आ’ आला. एकटा. त्याच्या पाठोपाठ बाकीच्या.

आई गाण्याकडं लक्ष देत नव्हती, ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

“आला?” तिनं विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. पण माझं तोंड तिनं आधीच वाचलं होतं.

“व्हय. आलाय.”

गाणं पुढं चालू होतं. मग ती म्हणाली, “म्हंजी शाहिरांनी बी आयकला आसंल.”

“आसंल की.”

“दर जयंतीला आयकत हुते त्ये. माज्या म्होरं बसून. आन् मला म्हनायचं, बाई, तुमी हाय म्हनून कोरस उभा ऱ्हातो.” तिनं पदर तोंडाला लावला. “येका शब्दानं बोललं न्हाईत गं मला.” ती रडली. मीही रडले. रेकॉर्ड संपून सुई मधल्या कागदापाशी टकटक करत राहिली, ती उचलायचं माझ्या लक्षात आलं नाही.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. “पुन्यांदा लाव.”

मी दुसरं कडवं पुन्हा लावलं आणि तिचं मनगट हातात धरलं. ‘आ’ आला तसं दाबलं. तिनं मान हलवली. “मला न्हाई येत. तू सांग. कसा हाय?”

“वाईच म्होरं हाय. लय न्हाई.”

“चुकीचं न्हवं गं. आवाज. आवाज कसा हाय माजा?”

तो मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला होता. बाकी सगळ्या गाण्यात चार बायका एकत्र गातात आणि त्यातून आई वेगळी काढणं माझ्या कानांनाही जमलं नव्हतं. तिथंच तेवढी ती एकटी होती.

“तरणा हाय, आये,” मी म्हटलं. “माज्यापरास तरणा हाय.”

आईनं जरा विचार केला.

“मग पळणारच की त्यो म्होरं,” ती म्हणाली.