खंडेनवमीला पुजलेला डबा

त्या काळी आमच्या साताऱ्यात माझ्याइतके तिखट कान कुणाचे नव्हते. हे मीच सांगतोय म्हणून निम्मं सोडून द्या, तरी उरतं ते पुष्कळ आहे. मागच्या गल्लीत कुणी ऊस मोडून खाल्ला तर तो कुठल्या शिवारातला, हे मी घरात पडल्या पडल्या सांगायचो. नव्वदच्या त्या दशकात अशा कानांच्या नशिबी एक सीडी प्लेअर आला आणि माझी झोप उडाली.

झोप उडायचं कारण असं, की सीडीवर गाणं नसतंच. नुसते आकडे असतात. प्लेअरच्या पोटातला एक नखाएवढा तुकडा त्या आकड्यांचं पुन्हा गाणं करतो, आणि माझ्या प्लेअरमधला तुकडा महाकंजूष होता. हेडफोन लावला की तंबोरा असा वाजायचा, जसं कुणी पत्र्यावर तांदूळ निवडतंय. मग कुठल्याशा मासिकात वाचलं, की परदेशात नुसत्या ह्या एका कामासाठी वेगळा, भारीतला डबा मिळतो. प्लेअरने आकडे पाठवायचे, डब्याने त्यांचं गाणं करायचं, आपण हेडफोन लावून स्वर्गात जायचं. त्या दिवसापासून मी भेटेल त्याला डब्याबद्दल सांगू लागलो. मी लांबून दिसलो की लोक रस्ता बदलायचे. एक तर मला चुकवायला थेट कोयनानगरला बदली मागून गेला, असं मी तरी ऐकलं.

माझा मेहुणा फौजेत, सिग्नलमध्ये हवालदार. शांतिसेनेबरोबर तो परदेशी निघाला, तेव्हा मी त्याला म्हणालो, "घड्याळ नको, अत्तर नको. हा डबा आण."

आणला गड्याने! कसा, तर लेकरासारखा पोटाशी धरून. विमानात मांडीवर, ट्रकमध्ये मांडीवर, रेल्वेत उशाला. एका अधिकाऱ्याने विचारलं म्हणे, "जवान, ये क्या है?" तर हा ताठ उभा राहून म्हणाला, "दाजी का कलेजा है, साब!"

पण डबा सांगलीला पोचला आणि त्याची सुट्टी संपत आली. दसऱ्याच्या संध्याकाळी मिरजेहून गाडी, आणि ह्या खेपेला थेट सीमेवर. तिकडच्या बातम्या त्या दिवसांत काही बऱ्या नव्हत्या. त्याने शेजाऱ्यांच्या फोनवरून मला कळवलं, "दाजी, गाण्याचं मशीन घिऊन या. एकदा ऐकूनच जातो."

खंडेनवमीला दुपारी बायकोला घेऊन मी प्लेअर आणि हेडफोन छातीशी धरून एसटीने सांगलीला उतरलो आणि विश्रामबागेत सासुरवाडीला पोचलो. सासरे हळदीचे अडत्ये. त्या घरात भिंतीला टेकलात तर पाठ पिवळी व्हायची. सोप्यात बघतो तर पाटावर हत्यारांची पूजा मांडलेली. तराजू, विळा, शिलाई मशीन, मेहुण्याची ट्रंक, आणि ह्या सगळ्यांच्या मधोमध, नव्या खणावर, झेंडूच्या माळेखाली अगदी दडपून गेलेला माझा डबा!

मी झेपावलो. सासूबाईंनी माझा हात हवेतच अडवला.

"आवं जावईबापू, शिवायचं न्हाई! पूजा झालीया. उद्यापातूर हत्यार जाग्यावरनं हलत नसतं."

"मामी, हे हत्यार नाही, हे—"

"मग काय हाय?"

आता काय सांगणार? तेवढ्यात लक्षात आलं की डबा उलटा ठेवलाय. पाठ पुढे आणि तोंड भिंतीकडे.

"उलटा न्हाई, सरळच हाय," सासूबाई म्हणाल्या. "त्या बाजूला एक बटाण आन् एक भोक. त्याला कोण तोंड म्हणंल? हिकडं बगा, डोळं, कान, नाक, समदं हाय. एका भोकात रबराचं बूच हुतं, ते मी काढलं. तोंडात बूच घालून कुणाची पूजा करत्यात व्हय?"

मी हसलो. तेव्हा हसलो.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. मुलगा परसात होता हे बघून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एक सांगते. पोरगं लांब निघालंय. ह्या खेपेला माझं मन काय थाऱ्यावर न्हाई. त्यानं एवढ्या लांबनं आणलेली वस्तू, माझ्या हातची पूजा. उद्या त्याची गाडी सुटायच्या आत ह्यो डबा बोलला पायजे. बोलला, की मी त्याला निवांत वाटंला लावते. न्हाई बोलला तर..." पुढचं त्यांनी पदरात गुंडाळलं.

म्हणजे डबा माझ्या कानांसाठी आलेला, पण आता त्यावर टांगलेलं वजन भलतंच होतं.

दसऱ्याला पूजा हलवली तेव्हा मी आंघोळीला होतो. बाहेर येऊन बघतो तर मेहुण्याने डबा पुसून लख्ख केलेला. फौजी पुसणं ते! रायफलसारखं, फडक्याचं टोक बोटावर ताणून एकेका भोकात घालून. त्यात बघून दाढी केली असती तरी चाललं असतं, इतका चकचकीत. जेवणं झाली, बायको मैत्रिणींकडे सोनं वाटायला गेली, आणि आम्ही जोडणीला बसलो. प्लेअरमधून निघालेली तार डब्याच्या पाठीत जायची. ही तार विजेची नाही, उजेडाची. प्लेअर लाल उजेड उघडझाप करतो, डबा तो बघून आकडे वाचतो. मेहुण्याने तार खोचली, मी खटका दाबला. हिरवा दिवा लागला. वीज पोचली.

त्याच्या शेजारी आणखी एक बारका दिवा होता. आकडे पोचले की तो लागायचा.

तो लागेना.

सीडी गरगर फिरत होती, प्लेअरवरची सेकंदं पुढे जात होती, आणि हेडफोनमध्ये असली शांतता, की मला माझ्या पोटातली श्रीखंडपुरी पचताना ऐकू आली. मी बटण फिरवलं. सीडी बदलली. तार काढून टोक तळहातावर धरलं. तळहातावर लाल ठिपका! म्हणजे प्लेअर ठीक, तार ठीक. मेला होता तो डबाच.

"दाजी?" मेहुणा म्हणाला.

"थांब रे."

"व्होल्टेजचं बटाण मी बरुबर लावलं हुतं. कसम से. वाटंत कुठं आदळला बी न्हाई." त्याचा चेहरा असा झाला होता, जशी त्याच्या हातून पलटणच्या पलटण हरवली आहे.

सासूबाई दारात उभ्या. हातात निरांजन होतं की पोळपाट, मला आठवत नाही. त्यांचे डोळे आठवतात.

"बोलंना का?"

"बोलेल, मामी. लांबचा प्रवास आहे ना, तापायला वेळ घेतो." ही थाप मी इतक्या सराईतपणे मारली, की क्षणभर माझाच विश्वास बसला.

"किती येळ? रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय."

सासरे तोवर कोपऱ्यात पानाचं तबक पुढे घेऊन बसले होते. ते उठले, डब्यापाशी आले, वाकले आणि नाक लावलं. डबा आता कोमट झाला होता. त्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला, जसा बाजारात पोत्यावर घेतात. मग डब्याच्या पाठीतलं भोक नखाने कोरलं, माझ्या शेजारी येऊन बसले आणि खांद्यावरचा टॉवेल सहज माझ्या हातावर टाकला.

सांगलीच्या हळदीच्या बाजारात जुन्या मंडळींची रीत होती. हातात हात घालायचा, वरून रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागू नये. सासऱ्यांचा जन्म त्यात गेलेला. त्यांनी टॉवेलखाली माझं बोट धरलं, आपल्या बोटावर घासलं आणि मोठ्याने म्हणाले, "काय म्हणतंय साताऱ्याचं पाऊसपाणी?"

"बरं आहे," मी म्हणालो, आणि टॉवेलखालून बोट काढून बघितलं.

पिवळंधमक!

माझ्या डोक्यात लखकन सगळं उजळलं. बूच काढलेलं ते उजेडाचं भोक. त्यात भक्तिभावाने, बोट भिजवून भरलेली हळद. रात्रभर ती वाळली. सकाळी फौजी फडक्याने बाहेरची पुसली आणि आतली आणखी आत ठासली. डबा मेला नव्हता. आंधळा झाला होता.

पण हे बोलायचं कसं? दारात ती माउली उभी. तुमच्या पूजेने डबा बंद पडला, असं मुलगा सीमेवर निघायच्या घटकेला सांगायचं? सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मेहुण्याकडे. मेहुण्याला काय समजायचं ते समजलं. सिग्नलवाला माणूस.

"अगं, च्या टाक," सासरे म्हणाले.

"आत्ताच झाला की!"

"गवती चहा घालून टाक. जाताना पोराला बरा."

"परसात जायला लागंल."

"मग जा की. परसात काय वाघ बसलाय?"

त्या गेल्या. मेहुणा स्वयंपाकघराच्या दारात असा उभा राहिला, जणू पलीकडे शत्रू आहे. मी आगकाडीला वातीचा कापूस गुंडाळला. पाण्याने काम बिघडलं असतं. "स्पिरिट!" मी ओरडलो, म्हणजे कुजबुजलो. स्पिरिट स्वयंपाकघरात, म्हणजे सासूबाईंच्या हाताशी. मेहुण्याने ट्रंकेतून आफ्टरशेवची बाटली फेकली, मी झेलली, खटका बंद केला आणि कापूस भिजवून भोकात घातला. पिवळा निघाला. दुसरा घातला, लालपिवळा. सासरे कंदिलासारखी बॅटरी धरून बसलेले. एवढी हळद निघाली, की बाजारात उतरवली असती तर त्या दिवशीचा भाव पडला असता. आणि सगळ्यात आत, आडवा होऊन बसलेला, कुंकवात भिजलेला अक्षतेचा एक दाणा! तो काडीला लागेना. ढकलला की आत जाई. तिकडे स्वयंपाकघरात कपबश्या वाजत होत्या.

"आली," मेहुणा पुटपुटला.

मी श्वास रोखून सुईने दाणा टोचला, अलगद बाहेर ओढला आणि पुरावा नको म्हणून गिळून टाकला.

सासूबाई चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. "कसला वास हाय ह्यो? दाढी कुणी केली?"

"दाजींनी, आई," मेहुणा म्हणाला.

तेव्हा मला छातीपर्यंत दाढी होती. सासूबाईंनी तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. कप खाली ठेवून माझ्या पिवळ्या बोटांकडेही बघितलं. आणि चहा माझ्यापुढे सरकवला.

मी तार खोचली. ह्या वेळी "खट्ट" झालं, जे मघाशी झालंच नव्हतं. खटका दाबला. हिरवा दिवा. एक श्वास. दुसरा.

बारका दिवा लागला.

हेडफोन मी मेहुण्याच्या कानांवर चढवला. त्याच्या तोंडावरची रेघ हलेना. मी त्याच्याकडे, सासरे त्याच्याकडे, सासूबाई त्याच्याकडे. बाहेर रिक्षा येऊन थांबली, तिने हॉर्न दिला. मग मेहुण्याचे डोळे हळूहळू भरले आणि तो म्हणाला, "दाजी, ही सीडीतली बाई गायच्या आधी श्वास घेती. इथं. माझ्या खांद्यापाशी."

त्याने हेडफोन काढला आणि आईच्या कानांवर बसवला. त्या दचकल्या. पदर, अंबाडा आणि त्यावर ते दोन काळे वाटोळे. सगळा चेहरा त्यात बुडून गेला.

"बोलतुया!" त्या केवढ्यांदा ओरडल्या! कानात गाणं भरलं की आपला आवाज आपल्याला कळत नाही, हे त्यांना कोण सांगणार? "आवं, बोलतुया की ह्यो! लय ग्वाड बोलतुया!"

मेहुणा ट्रंक उचलून पाया पडायला वाकला. मी हेडफोन काढायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या!" तार ताणली गेली होती, त्यांना दारापर्यंत येता येईना, म्हणून त्यांनी डब्याशेजारी उभं राहूनच मुलाच्या डोक्यावर हात ठेवला.

"जा, बाळा! निवांत जा! जपून ऱ्हा!"

आख्ख्या विश्रामबागेने ऐकलं असेल. रिक्षावाल्याने हॉर्नवरचा हात काढला. रिक्षा कोपऱ्यावरून वळली, सासरे आत येऊन बसले, गाणं संपलं, आणि तरी सासूबाईंनी हेडफोन काढला नाही. मीही मागितला नाही.