आत्यानं आईचं ताट आधी वाढलं

कर्जतजवळच्या आमच्या शेतात भातकापणी चालू होती. भर दुपारी आई विळा घेऊन वाकली आणि तशीच बांधावर आडवी झाली... मला वाटलं, दमून झोपली.

मी तेव्हा दहा वर्षांची. लढाईचे, रेशनचे दिवस. आज नव्वदी ओलांडलीय. नातीनं फोनवर मराठी टाइप करायला शिकवलं, म्हणून हे पहिल्यांदाच लिहून काढतेय.

आई पंचेचाळिशीची असेल. वर्षभर तिचं काहीतरी बिनसलं होतं. पाळी महिन्यातून दोनदा यायची, अंगावरून खूप जायचं... हे अर्थात मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा दिसायचं ते एवढंच, की थंडीतसुद्धा ती पदरानं वारा घेते आणि विहिरीवरून एक हंडा आणताना तीनदा थांबते.

शेजारणी म्हणायच्या, "वय झालं गं, बाईमानसाचं असंच असतं." एकीनं तर बाहेरची बाधा सांगितली. बाबांनी कुणाचं ऐकलं नाही. आई बांधावर पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बैलगाडी जुंपली, तिला आत झोपवलं आणि कर्जतला नेलं. तिच्या उशाशी मी.

कर्जतला तेव्हा आठवड्यातून एकदा पुण्याहून एक डॉक्टरीणबाई यायच्या. त्यांनी आईची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, पोट तपासलं. मग विचारलं, "काल दुपारी काय जेवलात?"

"भात."

"भातावर काय घेतलं?"

आई पदर सारखा करू लागली. मग मीच बोलून गेले, "आई सगळ्यांच्या शेवटी जेवते. तेव्हा आमटी संपलेली असते."

आईनं मला चिमटा काढला. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "रक्त जातंय, आणि नवं व्हायला पोटात काही पडत नाही. औषध देते... पण नुसत्या बाटलीनं तुम्ही बऱ्या होणार नाही."

त्यांनी बाबांना आत बोलावून सगळं सांगितलं. गिरणीतला पांढराशुभ्र तांदूळ बंद, घरी उखळात कांडून सडलेला खायचा. नाचणीची भाकरी, डाळ, पालेभाजी, वर लिंबू पिळून. तीळगूळ. जमेल तेव्हा अंडं, नाहीतर मूठभर सुका जवळा. आणि हे सगळं गरम असताना, पोटभर.

घरी स्वयंपाक आत्याच्या हातात. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तरुणपणी विधवा होऊन परत आलेली, आणि जिभेला चांगलीच धार. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "नाचनी? आपल्या घरात भात कमी पडला काय रं?"

तरी बाबांनी कशेळ्याच्या बाजारातून, भात देऊन नाचणी आणली. अंडीही आणली.

पण आई जेवायची शेवटीच. एकदा तिच्यासाठी उकडलेलं अंडं तिनं हळूच माझ्या ताटात सारलं. आणि मी ते खाल्लं... चवीनं खाल्लं. ते अंडं अजून माझ्या मनातून जात नाही.

पंधरा दिवसांत आई पुन्हा पडली. यावेळी चुलीशेजारी. कोपर भाजलं. आत्यानं तिला उचलून भिंतीशी टेकवलं, भाजल्या जागी पाणी ओतलं.

त्या संध्याकाळी ताटं घ्यायची वेळ झाली. बाबा हातपाय धुऊन दाराशी उभे होते. आत्यानं पाट मांडला, ताट वाढलं आणि आईला म्हणाली, "बस."

आई घाबरलीच. "वन्सं, आदी त्यांना वाढा..."

"तो थांबंल. तू बस."

आई बसेना. मग आत्याच तिच्यासमोर खाली बसली. आवाज एकदम उतरला होता.

"मला बी ह्याच वयात असंच झालतं. दोन वर्सं रगत जात व्हतं. कोनी इचारलं नाय, मी कोनाला सांगितलं नाय... तुझं मी तसं होऊ देनार नाय गं. खा."

बाबांनी ते ऐकलं. ते ओटीवर जाऊन बसले. आमच्या घरात बाईच्या जेवणासाठी पुरुषमाणूस थांबल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आई रडत रडत जेवली. आत्या ताट रिकामं होईपर्यंत उठली नाही.

मग ते रोजचंच झालं. आत्या पहाटे उखळात भात सडायची. परसात तिनं माठाची भाजी लावली, शेवग्याचा पाला ती स्वतः ओरबाडून आणायची. पहिले काही दिवस आईला घास गिळताना लाज वाटायची. नंतर एके दिवशी तिनंच दुसरा पाट मांडला आणि म्हणाली, "वन्सं, तुमी पन बसा." आत्या आधी नाही म्हणाली... मग बसली.

जादू वगैरे काही झाली नाही. औषध बरेच महिने चाललं, अंगाची आग तर दोनेक वर्षं होत राहिली. पण शिमग्यापर्यंत आईच्या नखांना रंग आला, रक्त जाणं कमी झालं. पुढच्या लावणीला ती दिवसभर चिखलात उभी राहिली आणि संध्याकाळी हंडा घेऊन विहिरीवर गेली, मध्ये न थांबता. पुढे ऐंशी पार करून गेली.

त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेतच. गाडी जुंपणाऱ्या बाबांचेही आहेत. पण आत्यानं, जे स्वतःला कधी मिळालं नाही, ते दुसरीच्या ताटात वाढलं. एवढं मोठं मन मी पुढे फार थोड्या माणसांत पाहिलं.

तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही. लिहायला-वाचायला येत नव्हतं, त्यामुळे कागदावर तिचं नाव कुठेच नाही. म्हणून आज इथे लिहून ठेवते... भागीरथी. माझ्या आत्याचं नाव भागीरथी होतं.