मावशी, आजी आणि कोल्हा

माझी मावशी मुखवटे करते. मुलांची नाटकं बसवणारे लोक तिच्याकडे येतात आणि वाघ, राजा, भूत, जे लागेल ते सांगून जातात. आधी मातीत चेहरा घडवायचा, मग खळ लावून कागदाचे तुकडे थरावर थर चिकटवायचे, वाळले की माती काढून रंगवायचं. हे सगळं घरातल्या एकुलत्या एका मोठ्या टेबलावर चालतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला काका, म्हणजे तिचे यजमान, डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करतात. जेवायच्या वेळी वाघ इकडे सरकतो, घड्याळं तिकडे सरकतात आणि मध्ये ताटं येतात. काकांच्या आईला, आम्ही सगळे तिला आजी म्हणतो, हा पसारा मुळीच खपत नाही. तरी खळ शिजवायची ती तिनंच. सुनेच्या खळीत गुठळ्या होतात, असं तिचं ठाम मत आहे.

गेल्या वर्षी वाचनालयानं एक कार्यक्रम ठरवला. तीन कलाकारांनी यायचं आणि आपल्याला सुचतं कसं ते लोकांना सांगायचं. एक चित्रकार, एक बासरीवाले आणि तिसरी मावशी. ग्रंथपाल बाई आमंत्रण द्यायला स्वतः घरी आल्या, तेव्हा मावशीचं सगळं लक्ष एका राक्षसाच्या नाकात होतं. ती "हो, हो" म्हणून मोकळी झाली. बाई जिना उतरल्या आणि मग आपण कशाला हो म्हटलं ते मावशीच्या लक्षात आलं.

"मला कुठे काय सुचतं? मी आपली करते झालं."

"मग तेच सांग की," काका म्हणाले.

"आणि उरलेला वेळ काय लोकांची तोंडं बघत बसू?"

कार्यक्रमाला हॉल भरला होता. चित्रकार म्हणाले, "मला आधी काहीच सुचत नाही. मी कागदावर एक डाग पाडतो आणि तो निस्तरता निस्तरता चित्र होतं." बासरीवाल्यांना म्हणे चालताना चाल सुचायची. ती पक्की बसेपर्यंत ते एकाच गल्लीत येरझाऱ्या घालायचे. शेजाऱ्यांना वाटायचं, यांचं काहीतरी हरवलंय. लोक खूश झाले. मावशीही मान डोलावून ऐकत होती. पुढचा नंबर आपला आहे हे तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?" ग्रंथपाल बाईंनी तिला विचारलं.

मावशीनं पदर सावरला. "मी... माती घेते."

"आणि मग?"

"मग तोंड करते."

"ते मात्र खरं हो!" पहिल्या रांगेतून आजीचा आवाज आला आणि हॉलमध्ये हशा पिकला.

मावशीची अवस्था बघून काका उभे राहिले. "मी सांगू का? ही खरंच तोंड करते. राक्षस करायला घेतला की हिचा जबडा पुढे येतो, भुवया कपाळाला चिकटतात. रडका राजपुत्र असला की मी चहासुद्धा मागत नाही, उगाच वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. आधी हिच्या चेहऱ्यावर उमटतं, मग मातीत उतरतं. मी कधीपासून बघतोय."

मावशी थक्क झाली. "अहो, हे मला कधी बोलला नाहीत!"

"बोललो असतो तर तू बंद केलं असतंस."

टाळ्या कडाडल्या. पण काकांची भीती खरी ठरली. दुसऱ्याच दिवशी मावशी कोल्हा करायला बसली. नाटक बसवणाऱ्या मास्तरांना तो लबाड हवा होता, पण मुलांना आवडेल असा. ओठांचा कोपरा जरा वर गेला की मावशीच्या लक्षात यायचं आणि ती चटकन तोंड सरळ करायची. कोल्हा असा झाला, जणू दाखला मिळायची वाट बघत रांगेत उभा आहे. तिनं तो मोडला. मग तोंडावर पदर धरून एका हातानं केला, तर त्याची दाढ दुखतेय असं वाटायला लागलं. काकांनी बिचाऱ्यांनी आपली खुर्ची भिंतीकडे फिरवली. त्यांचीच सावली घड्याळावर पडली आणि एक बारीकसा स्क्रू कुठे उडाला तो सापडेना.

"मी संपले," मावशी म्हणाली. "चांगलं चाललेलं काम, त्या भाषणानं वाट लावली."

तेवढ्यात आजी खळीचं पातेलं घेऊन आली. तिनं टेबलावरच्या प्राण्याकडे नीट बघितलं.

"हा कोण?"

"कोल्हा, आई."

"याला तर कुणीही फसवेल. अगं, कोल्हा असा असतो."

पातेलं खाली ठेवून आजीनं कवळी काढली आणि वाटीत टाकली. गाल आत ओढले, डोळे बारीक केले, नाक पुढे काढलं आणि मान तिरकी करून लेकाच्या चहाच्या कपाकडे असं काही बघितलं की काकांनी कप उचलून छातीशी धरला. मावशी हसून हसून वाकली. आणि एकाएकी ओरडली, "आई, हलू नका!"

"मग बोलू कशी?"

"बोलूही नका!"

मावशीचे हात मातीत गेले. आजीकडे बघता बघता तिचेही गाल आत गेले, डोळे बारीक झाले, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. टेबलाच्या दोन बाजूंना सासू-सून, दोघीही कोल्हे. काकांनी खुर्ची परत फिरवली आणि श्वास रोखून बघत बसले. दुपारच्या जेवणाला उशीर झाला, पण कोल्हा झाला.

नाटकाच्या दिवशी तो रंगमंचावर आला तेव्हा मुलं आनंदानं किंचाळली. "नाक माझं आहे," आजीनं शेजारच्या अनोळखी बाईंना बजावून सांगितलं. नाटक संपल्यावर मास्तरांनी विचारलं, "एवढा लबाड चेहरा सुचला कसा हो?" मावशीनं अगदी पदर धरून केलेल्या कोल्ह्यापासून सगळं सांगितलं, तेही साभिनय. भोवती घोळका जमला. शिपाई दिवे घालवायला आला होता, तोही ऐकत थांबला.

आता पुढच्या नाटकात उंट आहे. आजीनं आधीच हात वर केलेत. तिच्या मते, उंटासाठी काकांना समोर बसवलं म्हणजे झालं, त्यांना वेगळं काही करावं लागणार नाही.