शिवलेलं धोतर

दर बाजाराच्या दिवशी मी एक खोटं बोलायची. माझ्या वडिलांचे, म्हणजे दादांचे, एक जुने दोस्त जळकोटकडच्या आमच्या गावाहून उदगीरला बाजाराला यायचे आणि आमच्या दारात पिशवी टेकवून हाक मारायचे. मी उंबऱ्यातूनच सांगायची, "काका, दादा झोपलेत." आत दादा टक्क जागे, चादर गळ्यापर्यंत ओढून आमचं बोलणं ऐकत पडलेले असायचे. "हाव, झोपू दे," म्हणून काका परत फिरायचे. त्या पाठमोऱ्या माणसाकडं बघताना मला माझीच लाज वाटायची.

दादांना लकवा मारला आणि डावी बाजू गेली, तेव्हा त्यांना गावाहून माझ्याकडं आणलं. आई नाही, भाऊ नांदेडला नोकरीला, मी उदगीरातच शाळेत शिकवते. धोतर नेसायला दोन्ही हात लागतात, ही एवढी साधी गोष्ट तोवर माझ्या ध्यानातही आली नव्हती. लेकीनं बापाला धोतर नेसवायचं, हे ना त्यांना सोसायचं ना मला. ते भिंतीकडं बघायचे, मी जमिनीकडं. मग भावानं इलॅस्टिकच्या पँटी पाठवल्या. दादांनी मुकाट्यानं घातल्या, पण त्या दिवसापासून ते कुणासमोर आले नाहीत. पन्नास वर्षांपासूनच्या दोस्तापुढं असल्या चड्डीत जायचं त्यांच्या जिवावर यायचं. असंच चाललं तर काका एक दिवस यायचेच बंद होतील, अशी मला भीती वाटायची.

मी मूळची उतावळी. एका रविवारी त्यांचा ठेवणीतला पांढरा सदरा काढला, पाठीवर वरपासून खालपर्यंत कापला आणि कडा दुमडून मशीनवर टीप मारली. समोरून हात घालायचे, मागं बंद बांधायचे, झालं! शाबासकी मिळेल म्हणून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो एका हातानं उलटा करून पाहिला.

"असं पाठीवर फाडून मढ्याला चढवितेत, बाई. म्या आजून हाय."

आईच्या वेळी मी तिथंच तर उभी होते. सगळं पाहिलेलं असून कात्री चालवताना काही म्हणजे काही आठवलं नाही. मी रडायलाच लागले. दादा म्हणाले, "तू लई करायलीस, माय. पर एकदा तरी इचारलं का, माझा हात कुठवर जातो म्हणून?"

विचारलं नव्हतं. आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा, असं शाळेत दिवसभर पोरांवर खेकसते ती मीच.

मग आम्ही दोघं बसलो. उजवा हात बेंबीच्या डावीकडं वीतभर जायचा, पाठीमागं मुळीच नाही. म्हणून निऱ्या आणि कासोटा कायमचे शिवून टाकले आणि हात पोचतो तिथंच, कमरेला, सँडलला असते तसली चिकटपट्टी लावली. खाटेवर बसून पाय घालायचे, वर ओढायचं, पट्टी दाबायची. दुसरा एक सदरा समोरून उघडा केला, त्यालाही पट्टीच, पण वरून दिसायला गुंड्या. त्या दादांच्या हट्टापायी. बाही घालताना लुळा हात आधी, चांगला नंतर, हे डॉक्टरांनी शिकवलेलं होतंच. दोन धोतरं वाया गेली, तिसरं नीट बसलं. खोट एकच राहिली. पट्टी सुटली की चर्रर असा मोठा आवाज व्हायचा.

पुढच्या बाजाराला दादांनी मला खोलीबाहेर काढलं. अर्धा तास आत चर्रर, चर्रर चाललं होतं. दोनदा मी दारापाशी गेले आणि दोनदा मागं फिरले. काकांची हाक आली तेव्हा दादा टोपी घालून बाहेरच्या खाटेवर बसलेले होते. काका बघतच राहिले, मग काही न विचारता शेजारी टेकले. सोयाबीन, पाऊस, भावकीतली भांडणं, सगळं निघालं. मी चहा आणला. कप घ्यायला दादा पुढं वाकले आणि पट्टी सुटली.

"काय वाजलं रं?" काकांनी विचारलं.

दादांचा चेहरा पडला. माझ्या तोंडात नवं खोटं तयारच होतं. पण दादाच बोलले. "धोतर हाय. शिवलेलं. लेकीनं शिवलंय, पर म्या सोता नेसतो."

काकांनी कप खाली ठेवला. "सोता?"

"सोता."

काकांनी त्या निऱ्या बोटानं चाचपून पाहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाले, "कंबर धरल्यापसनं दोन वरीस झाले, घरचीच नेसविती मला. गावात कुणाला ठाव न्हाई." आणि माझ्याकडं न बघता, "मलाबी एक शिवशील का, बाई?"

डोळे पुसत मी टेप आणायला आत पळाले, तर मागून दादांचा आवाज आला.

"माप नंतर घे. आधी त्याला इचार, हात कुठवर जातो."